लाईट गेली तरी

आमच्या धंद्यात डेटाबेस म्हटलं की आधी सर्व्हर कुठे ठेवायचा यावर बैठक बसते. सर्व्हरला एसी लागतो, यूपीएस लागतो, त्याच्याकडे बघणारा माणूस लागतो, आणि तो रजेवर गेला की बघायला दुसरा माणूस लागतो. मग मूळ प्रोग्रॅम चार पडद्यांचा का असेना. हा थाट जिथे परवडतच नाही अशा जागी मी बरीच वर्षं काम केलंय. त्यामुळे एसक्यूलाइट या सर्व्हरशिवाय चालणाऱ्या डेटाबेसवर लिहायचं म्हटलं की मला आधी दूध डेअरी आठवते.

कोल्हापूर जिल्ह्यातलं गावोगावचं दूध संकलन केंद्र ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पहाटे उजाडायच्या आत किटल्यांची रांग लागलेली असते. सभासद आपला नंबर सांगतो. दूध म्हशीचं की गाईचं हे ऑपरेटरला तोंडपाठ असतं. काट्यावर लिटर, अॅनालायझरवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दरपत्रकातून दर, आणि टीचभर प्रिंटरमधून पावती. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीच्या दुधाला ६ आणि ९, असा पाया धरून दर वरखाली होतो. दर दहा दिवसांनी बिल निघतं, त्यातून पशुखाद्याची उचल आणि अॅडव्हान्सचा हप्ता कापला जातो. दिवाळीला वर्षभराच्या दुधावर फरक मिळतो. म्हणजे आषाढातल्या एखाद्या पहाटेची नोंद आश्विनात पुन्हा पैसा होऊन समोर येते. ती गळालेली असली तर संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा सुरू.

आणि नेमकी संकलनाच्या वेळेला लाईट जाते. यूपीएस असतो, पण त्याची बॅटरी कधीच मेलेली असते. एका केंद्राच्या सचिवांना सगळे आण्णा म्हणायचे. त्यांनी पहिल्याच भेटीत मला विचारलं, "सायेब, लाईट गेली की तुमचा काँप्युटर बी गेला. आमची वही कुठं जात न्हाई. मग वही बंद कशाला करायची?" प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर तोंडी देऊन भागणार नव्हतं, ते प्रोग्रॅममध्येच द्यावं लागणार होतं.

गंमत म्हणजे एसक्यूलाइटचा जन्मही साधारण असल्याच तक्रारीतून झालाय, फक्त जागा अमेरिकेच्या नौदलाची युद्धनौका होती. २००० साली डी. रिचर्ड हिप हे जनरल डायनॅमिक्स या संरक्षण कंपनीतर्फे यूएसएस ऑस्कर ऑस्टिन या विनाशिकेच्या एका प्रोग्रॅमवर काम करत होते. जहाजाला मार बसून पाइप फुटले तर कुठल्या झडपा बंद करायच्या, हे त्या प्रोग्रॅमने सांगायचं. माहिती इन्फॉर्मिक्स या डेटाबेसच्या सर्व्हरवर होती. सर्व्हर बंद पडला की पडद्यावर चौकट यायची, डेटाबेसशी संपर्क होत नाही म्हणून. दोष सर्व्हरचा, पण चौकट हिप यांच्या प्रोग्रॅमची, त्यामुळे बोलणी त्यांना बसायची. जहाजाला भगदाड पडलंय आणि प्रोग्रॅम म्हणतोय सर्व्हर सापडत नाही! हिप यांच्या डोक्यात आलं, की थेट डिस्कवरून माहिती वाचली तर मधला सर्व्हर हवाच कशाला? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिली आवृत्ती निघाली. साठवणीचं काम तेव्हा जीडीबीएम या तयार लायब्ररीवर सोपवलेलं होतं. २००१ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी स्वतःचं बी-ट्री (माहिती पटकन सापडावी म्हणून ती मांडायची रचना) लिहिलं, आणि २००४ मध्ये तिसरी आवृत्ती आली, तीच आजवर चालू आहे.

हा डेटाबेस म्हणजे वेगळा चालणारा प्रोग्रॅम नाही. पोर्ट नाही, पासवर्ड नाही, सकाळी येऊन चालू करायची सेवा नाही. तुमच्याच प्रोग्रॅमच्या पोटात बसलेली काही फंक्शन्स आणि डिस्कवरची एक फाईल. सगळा कोड सी भाषेतल्या दोन लाखांहून जास्त ओळींच्या एकाच फाईलमध्ये मिळतो. ती आपल्या प्रोग्रॅमबरोबर कंपाइल केली की झालं. आमची स्पर्धा मोठमोठ्या डेटाबेसशी नाही, फाईल उघडायच्या एफओपन या फंक्शनशी आहे, असं तिच्या कर्त्यांनीच लिहून ठेवलंय. हे वाक्य मला फार आवडतं, कारण बहुतेक वाद तिथेच मिटतात. 'हा खरा डेटाबेस आहे का?' असं विचारणाऱ्याला उलट विचारावं, की बाबा, तू यासाठी एरवी काय वापरणार होतास? बहुधा एक्सेलची शीट, नाहीतर स्वल्पविराम घातलेली मजकुराची फाईल.

वापर म्हणाल तर तुमच्या खिशातच आहे. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये, प्रत्येक आयफोनमध्ये, फायरफॉक्स आणि क्रोममध्ये एसक्यूलाइट असते. अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपचे निरोप जिच्यात साठतात ती एमएसजीस्टोअर नावाची फाईलही एसक्यूलाइटचीच. घरच्या ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगच्या फुलांची नोंद त्याच यंत्रणेत होते.

आता आण्णांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण खरी मजा तिथे आहे. एका सभासदाचं दूध घेतलं की आम्ही दोन गोष्टी लिहितो: संकलनाची नोंद आणि त्याच्या खात्यावरची वाढलेली रक्कम. पहिली लिहिली आणि दुसरी लिहायच्या आत लाईट गेली तर? डिस्क तर याहून बारीक गोंधळ घालू शकते, एकाच नोंदीचा अर्धा भाग लिहून अर्धा तसाच सोडू शकते. एसक्यूलाइट हे कसं सांभाळते ते एकदा सावकाश पाहण्यासारखं आहे.

फाईल पानांमध्ये विभागलेली असते, आजकाल सहसा ४,०९६ बाइटचं एक पान. ज्या पानांना हात लावायचाय त्यांची जुनी प्रत आधी शेजारच्या एका फाईलमध्ये जाते. तिला जर्नल म्हणतात. मूळ फाईलच्याच नावाला शेपूट लावून ती तयार होते. मग ऑपरेटिंग सिस्टिमला बजावलं जातं, की हे नुसतं मेमरीत धरून बसू नकोस, डिस्कवर उतरव. ते उतरलं की मगच मूळ फाईलमधली पानं बदलतात. तीही डिस्कवर उतरवून घेतली जातात. शेवटी जर्नल पुसलं जातं, आणि ते पुसलं जाणं हाच व्यवहार पक्का झाल्याचा क्षण. त्याआधी कुठेही लाईट गेली तर पुढच्या वेळी फाईल उघडताना एसक्यूलाइटला ते अनाथ जर्नल दिसतं. ती जुनी पानं जागच्या जागी परत ठेवते, आणि अर्धवट व्यवहार कधी झालाच नव्हता अशी फाईल आपल्या हाती येते. हे करायला कोणी माणूस लागत नाही, कुठलं बटण दाबावं लागत नाही. ऑपरेटरला कळतसुद्धा नाही.

यावरून आम्ही एक नियम केला: पावती कमिटनंतरच, म्हणजे व्यवहार पक्का झाल्यावरच, छापायची. सभासदाच्या हातात कागद पडला म्हणजे नोंद डिस्कवर आहे. उलट बाजूने, नोंद झाली आणि छपाईच्या आत लाईट गेली तर प्रोग्रॅम पुन्हा सुरू होताना शेवटची नोंद मोठ्या अक्षरात दाखवतो, ऑपरेटर पावती पुन्हा काढतो.

आण्णांचा शब्दावर विश्वास नव्हता. त्यांनी भिंतीवरच्या बोर्डाजवळ खुर्ची ओढली, ऑपरेटरला म्हणाले, "घाल रे नोंद," आणि त्याचं बोट एंटरवर पडतंय न पडतंय तोच बटण बंद केलं. पडदा काळा. पुन्हा चालू, पुन्हा नोंद, पुन्हा बंद. दरवेळी वहीत त्यांनी स्वतः पेन्सिलीने मांडलेले आकडे आणि पडद्यावरचे आकडे ताडून पाहायचे. कधी शेवटची नोंद असायची, कधी नसायची, पण अर्धी कधीच सापडली नाही, आणि पावती निघालेली एकही हरवली नाही. अखेर हार्ड डिस्कची काळजी मलाच वाटायला लागली आणि मी त्यांना चहाला घेऊन गेलो. वही मात्र त्यांनी पुढे बरेच महिने चालू ठेवली. मी हरकत घेतली नाही.

जे प्रोग्रॅम वेग वाढवायच्या नादात ते 'डिस्कवर उतरव' बंद करून टाकतात, त्यांच्याबद्दल मला चीड आहे. सेटिंग एका ओळीचं आहे, सिंक्रोनस ऑफ, आणि इंटरनेटवर कोणीतरी कौतुकाने सांगितलेलं असतं. प्रोग्रॅम पळायला लागतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि ज्या हमीसाठी हा डेटाबेस घेतला तीच हातची जाते. वेग हवा असेल तर त्याची वाट वेगळी आहे. मिनिटाला ७,२०० फेरे मारणारी डिस्क सेकंदाला फार तर साठेक पक्के व्यवहार करू शकते, कारण प्रत्येक कमिटला चकती फिरून यायची वाट बघावी लागते. पण नोंदी म्हणजे व्यवहार नव्हेत. जुन्या वहीच्या हजारो नोंदी आत घेताना सगळ्यांच्या आधी एक बिगिन आणि शेवटी एक कमिट घातलं, की मिनिटांचं काम एखाद्या सेकंदात होतं.

जुलै २०१० मध्ये जर्नलच्या उलटी पद्धतही आली, तिला वॉल मोड म्हणतात. तिथे मूळ फाईल तशीच राहते आणि नवी पानं शेजारच्या फाईलमध्ये साठत जातात; साधारण हजार पानं झाली की ती मूळ फाईलमध्ये नेऊन घातली जातात. फायदा असा की एक जण लिहीत असताना बाकीच्यांचं वाचन थांबत नाही. केंद्रात संकलन चालू असताना आतल्या खोलीत सचिव दहा दिवसांचं बिल बघू शकतात ते त्यामुळे.

पण शेजारच्या फाईलींनी एक वेगळीच डोकेदुखी आणली. 'डेटा एकाच फाईलमध्ये आहे' असं आपण मोठ्या तोंडाने सांगतो, आणि लोक ते खरं मानतात. एका ठिकाणी हिशोबनीस रोज संध्याकाळी प्रोग्रॅम चालू असतानाच ती एक फाईल पेनड्राइव्हवर ओढून घ्यायचे. शेजारची पिल्लं मागेच राहायची. अशी प्रत उघडते, वरवर शहाण्यासारखी वागते, आणि आजच्या सकाळच्या नोंदी तिच्यात नसतात. नशीब वाईट असेल तर प्रत अशा क्षणी निघते की ती उघडतच नाही. दुसऱ्या एका ठिकाणी कोणीतरी कचरा साफ करणारा प्रोग्रॅम चालवला आणि त्याने जर्नलच उचलून फेकलं. यावर उपाय आहे, लोकांना रागावून तो होत नाही. प्रोग्रॅममध्येच 'पेनड्राइव्हवर प्रत घ्या' असं बटण द्यावं आणि आत एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची सोय वापरावी, किंवा २०१९ पासून मिळणारी व्हॅक्यूम इनटू ही आज्ञा. मग बाहेर पडते ती खरोखर एकच, धड फाईल.

शेजारच्या फाईलींवरून एक किस्सा सांगायलाच हवा. तो एसक्यूलाइटच्या कोडमध्येच एका टिपेत नोंदवलेला आहे. तात्पुरत्या फाईलींची नावं पूर्वी 'एसक्यूलाइट' या शब्दाने सुरू व्हायची. मॅकअॅफीने आपल्या अँटिव्हायरसमध्ये ही लायब्ररी वापरायला घेतली आणि विंडोजवाल्यांच्या टेम्प फोल्डरमध्ये त्या नावाच्या फाईली दिसायला लागल्या. वैतागलेले लोक नाव शोधायचे, कर्त्यांचा फोन नंबर काढायचे आणि रात्री झोपेतून उठवून त्यांना फैलावर घ्यायचे. २००६ मध्ये हिप यांनी नावाची अक्षरं उलटी करून टाकली. आजही टेम्पमध्ये ती उलट्या नावाची फाईल दिसते आणि कोणी कोणाला फोन करत नाही.

मराठीत काम करणाऱ्याला मात्र या डेटाबेसचे काही चटके खास आपले म्हणून बसतात. पहिला आकड्यांचा. एसक्यूलाइटमध्ये रकान्याचा प्रकार सक्तीचा नसतो. फॅटच्या रकान्याला दशांश संख्या म्हणून जाहीर केलं तरी त्यात मजकूर आला तर ती मुकाट ठेवून घेते. इंग्रजी आकड्यांतला मजकूर असेल तर त्याची संख्या करून घेते, पण देवनागरी कीबोर्ड चालू राहून ऑपरेटरने '४.२' टाईप केलं तर तिच्या लेखी ती संख्याच नव्हे, अक्षरं. पुढचं बघण्यासारखं आहे. बेरीज मागितली की ही नोंद शून्य धरली जाते. पण 'फॅट ३.५ पेक्षा जास्त असलेले दाखव' म्हटलं की ती हमखास येते, कारण तुलनेत मजकूर कुठल्याही संख्येपेक्षा मोठा मानला जातो. '२.१' लिहिलं असतं तरी आली असती! म्हणजे सरासरीत गरीब आणि यादीत श्रीमंत असं एकच दूध. २०२१ च्या अखेरीस स्ट्रिक्ट नावाची सोय आली. टेबल करताना तो एक शब्द लिहिला की अशी नोंद दारातच अडते. मी आता त्याशिवाय टेबल करत नाही. सैलपणा हे वैशिष्ट्य आहे असं कर्ते म्हणतात. म्हणोत. दुधाच्या पैशाला सैलपणा नको.

दुसरा चटका नावांचा. सभासदांची यादी अकारविल्हे मागितली की एसक्यूलाइट बाइट बघून क्रम लावते. युनिकोड या अक्षरांना नंबर देणाऱ्या जागतिक पद्धतीत ळ बसलाय ल आणि व यांच्या मध्ये. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. त्यामुळे काळे येतात कावळ्यांच्या आणि काशीदांच्या आधी. आण्णांना हे पटणं शक्यच नव्हतं, त्यांच्या वहीची अनुक्रमणिका शाळेत शिकवलेल्या क्रमाने होती. सुदैवाने आपलं स्वतःचं क्रम लावणारं फंक्शन लिहून एसक्यूलाइटच्या हवाली करता येतं.

शोधात याहून वाईट प्रकार होतो. कुऱ्हाडे हे आडनाव दोन तऱ्हांनी टाईप होतं: एका कीबोर्डवर ऱ या वेगळ्या अक्षराने, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. कुऱ्हाडे आणि कुर्‍हाडे. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखे, बाइटला दोन वेगळी माणसं. कऱ्हाडकर, बऱ्हाटे, सगळ्यांची हीच कथा. नोंद आत जातानाच एका साच्यात बसवून घेणं हाच त्यावरचा खात्रीचा इलाज. आणि मजकुराच्या शोधासाठी एसक्यूलाइटमधली एफटीएस५ ही सोय वापरायची असेल तर आणखी एक खाच आहे: तिथला नेहमीचा शब्द तोडणारा भाग काना-मात्रा-वेलांटी यांना अक्षर मानत नाही, शब्दांमधली फट मानतो. 'विळी' शोधायला जावं तर तिचे व आणि ळ असे दोन तुकडे झालेले. खुणांचे वर्गही शब्दात धर असं त्याला वेगळं सांगावं लागतं. माहितीपुस्तिकेत सोय दिलेली आहे, पण देवनागरीत लिहिणाऱ्याने ती नेमकी कुठे शोधायची हे कोणी सांगत नाही.

कुठे वापरू नये हेही थोडक्यात. एका वेळी लिहिणारा एकच, हा नियम पक्का आहे. दुसऱ्याला 'डेटाबेस लॉक आहे' असं उत्तर मिळतं. एका काट्याला ते चालतं, तालुक्याच्या संघाला जिथे शेकडो केंद्रांचा माल एकदम येतो तिथे नाही. तिथे आम्हीही पोस्टग्रेस हा सर्व्हरवाला डेटाबेसच बसवलाय, एसी आणि माणसासकट. आणि नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ही फाईल ठेवून तीन काँप्युटरवरून उघडायचा मोह आवरावा. तिथलं फाईल लॉक भरवशाचं नसतं.

या सगळ्याचे पैसे किती, असं संस्थेच्या अध्यक्षांनी एकदा विचारलं. काहीच नाहीत म्हटल्यावर त्यांना संशय आला, आणि तो रास्तच होता. एसक्यूलाइटवर कोणाचा कॉपीराइटच नाही. परवान्याच्या जागी प्रत्येक फाईलच्या माथ्यावर तीन ओळींची शुभेच्छा आहे: भलं करा, वाईट नको, स्वतःला क्षमा मिळो आणि इतरांनाही क्षमा करा, मोकळ्या हाताने वाटा, देता त्यापेक्षा जास्त घेऊ नका. काही कंपन्यांच्या वकिलांना एवढ्याने चैन पडत नाही, त्यांना 'हे खरंच फुकट आहे' असं सांगणारा कागद विकत मिळतो. मात्र बाहेरच्या कोणाचा कोड ही मंडळी सहसा घेत नाहीत. लायब्ररीच्या कोडपेक्षा तिच्या चाचण्यांचा कोड सुमारे ५९० पट आहे. लिहिता लिहिता वीज जाणं, मेमरी संपणं, डिस्कने दगा देणं, यांची सोंगं त्यात हजारो तऱ्हांनी आणलेली आहेत. म्हणजे आण्णांचं ते बटण बंद करणं, फक्त यंत्राने आणि न थकता. २०५० पर्यंत सांभाळायचा इरादा त्यांनी जाहीर केलाय, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहितीसंच जपून ठेवायच्या शिफारशीच्या प्रकारांत या फाईलला जागा दिलीय. अध्यक्षांनी यातलं फक्त २०५० ऐकलं. "तोवर आमची बॉडी राहील का?" म्हणाले.

हल्ली सगळ्यांना क्लाउड हवाय. मागणीत चूक काही नाही, संघाला रोजचे आकडे रोज हवे असतात. पण रेंज नसली म्हणून किटली घेऊन उभ्या असलेल्या बाईला थांबवता येत नाही. म्हणून नोंद आधी केंद्रातल्या फाईलमध्ये, पावती तिथेच, आणि रेंज आली की आकडे वर. यात खरा तिढा दुरुस्तीचा होतो. सकाळची फॅट चुकीची पडली म्हणून सचिवांनी दुपारी केंद्रात ती बदलली, तोवर जुना आकडा संघाकडे जाऊन बसलेला. कोणाचा खरा? आम्ही ठरवलंय की पडलेली नोंद कोणीच खोडायची नाही. दुरुस्ती म्हणजे जुनीचा नंबर सांगणारी नवी नोंद, कोणी केली आणि कधी केली त्यासकट. संघाला हे लगेच पटलं. आण्णांना पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, एवढं सगळं छापून आलं तर गावाला वाटेल सचिव रोज चुकतोय. पावतीवर दुरुस्ती छापायची की नुसती बिलात दाखवायची, यावर पुढच्या बैठकीत बोलायचं ठरलंय.